महाबळाला नाव मिळाले, पाणी कोणाला?

‘पुराणातली वांगी पुराणात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. देवादिकांच्या कथांची आम्ही चिकित्सा करू लागलो की पुरोगामी म्हणवणारे मित्रही ही म्हण पुढे करतात. देश आता राज्यघटनेवर चालतो, नळाला पाणी नगरपालिका सोडते, मग जुन्या कथांचे एवढे काय घेऊन बसलात, लोकांच्या श्रद्धा आहेत तर राहू द्या, असा त्यांचा सूर असतो. वांगी खरोखरच पुराणात राहिली असती तर आमची काहीच तक्रार नव्हती. पण ती बाजारात येतात, कोर्टात येतात, सरकारी अंदाजपत्रकात येतात आणि पाणवठ्यावर तर हमखास येतात. हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर घेऊ. स्ट्रॉबेरी, घोडे आणि पॉइंट पाहायला लाखो लोक तिथे जातात. त्यातले बरेच जण पाच-सहा किलोमीटरवरच्या क्षेत्र महाबळेश्वरलाही जाऊन येतात आणि गोमुखातले पाणी बाटलीत भरून आणतात.

तिथली कथा थोडक्यात अशी. महाबळ आणि अतिबळ हे दोघे भाऊ, असुर. सह्याद्रीच्या रानात तप करणाऱ्या ऋषींना त्यांनी त्रास दिला. विष्णूने अतिबळाला मारले. महाबळ मात्र कोणाला आटोपेना. मग आदिमायेने त्याला भुरळ घातली. तो प्रसन्न झाला आणि देवांनाच म्हणाला, मागा काय हवे ते. देवांनी त्याचा मृत्यू मागितला. शब्दाला पक्का असलेल्या महाबळाने तो दिला. मरताना त्याने एकच गोष्ट मागितली, या जागेला आपले नाव राहावे. म्हणून महाबळेश्वर, आणि शेजारी अतिबळेश्वर.

ही कथा हात जोडून ऐकली तर देवांच्या विजयाची आहे. हात मोकळे ठेवून ऐकली तर तिच्यातला व्यवहार दिसतो. जिंकणारे इथे मागणारे आहेत आणि हरणारा देणारा आहे. तो लढाईत पडला नाही, दिलेल्या शब्दात अडकला. बळी आणि वामनाच्या कथेचा सांगाडाही हाच. आणि ही जागा मुळात महाबळाची होती हे कथाच कबूल करते, नाहीतर त्याचे नाव ठेवण्याचे कारण काय? नाव तुझे राहील, जागा आमची, असा हा सौदा आहे.

तिथेच दुसरी कथा सांगतात, ती नद्यांची. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. पत्नी सावित्री वेळेवर आली नाही म्हणून मुहूर्त टळू नये यासाठी गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ उरकला. सावित्री आली, तिने हे पाहिले आणि देवांना शाप दिला की तुम्ही पाणी व्हाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या झाल्या. पंचगंगा मंदिरात या पाच नद्यांचा उगम दाखवतात. त्यांत भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते असेही सांगतात. आपली जागा दुसरीला दिली म्हणून भर यज्ञात उभी राहून जाब विचारणारी ही बाई आम्हाला आवडते. (सावित्री म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वडाला दोरे गुंडाळणारी सावित्री येत नाही. याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्रीबाई येते.)

आता अशा कथांचे समाजात काम काय असते? ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रियांड बेटांवर राहून अभ्यास केला आणि १९२६ मध्ये मिथकावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्या बेटांवर प्रत्येक कुळाची कथा असते की आमचे मूळ पूर्वज अमुक ठिकाणी जमिनीतल्या विवरातून वर आले, म्हणून तिथली जमीन आमची. मालिनोव्हस्कीचे म्हणणे असे की मिथक ही समाजाची सनद असते. हक्क कोणाचा, मान कोणाचा, पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे ते ठरवून देते आणि त्यावर ‘मुळापासून असेच आहे’ असा शिक्का मारते. सनद हा शब्द महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. वतनाची सनद, इनामाची सनद. फरक एवढाच की कागदाच्या सनदेवर तारीख असते. कथेच्या सनदेवर नसते, आणि तिची सगळी ताकद या तारीख नसण्यातच आहे.

म्हणून आपण तारीख विचारायची. क्षेत्र महाबळेश्वरच्या मंदिराचे बांधकाम तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या नावावर सांगितले जाते. पुढे जावळीच्या मोऱ्यांचा अंमल आला. शिवरायांनी १६६५ च्या जानेवारीत इथे जिजाऊ मासाहेबांची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये इथल्या कोळ्यांच्या ‘गंगापुत्र’ या वारसाहक्काची नोंद आहे. म्हणजे पुजाऱ्यांच्या अगोदर या झऱ्यांशी नाते असणारे कोणीतरी होते, ही आठवण हक्काच्या रूपाने उरली होती. १८२९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून हे पठार घेतले, बदल्यात खंडाळा गाव दिले आणि नव्या वसाहतीला मुंबईच्या गव्हर्नरचे नाव दिले, माल्कम पेठ. पॉइंटही साहेबांच्या नावाचे, एल्फिन्स्टन, आर्थर, विल्सन. या वसाहतीतल्या बागा आणि भाजीपाला पिकवण्याच्या कामाला समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी जुंपले होते. त्यांच्या वाट्याला काय आले? एक धबधबा, चायनामन्स फॉल. कैद्यांतल्या एकाचेही नाव त्यात नाही. महाबळाला निदान स्वतःचे नाव तरी मिळाले होते.

आणि पाणी? ते शापाने येत नाही. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या घट्ट काळ्या पाषाणापाशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एका जिल्ह्यात दहा-बारा पटींचा फरक. उगमाच्या कथेत माणचा उल्लेख नाही. खटावचा नाही, आटपाडीचा नाही. उगमाची कथा उगमापाशीच थांबते, खाली पाणी कोणाला मिळाले हा प्रश्न ती विचारत नाही.

तर आपण सावित्रीच्या काठाने खाली उतरू. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे जातात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. उगमापाशी तिच्या पाण्याला पाप धुण्याची शक्ती आहे म्हणतात. तिच्याच काठच्या महाड गावात मात्र एका तळ्याचे पाणी माणसाने स्पर्श केल्यामुळे बाटत होते.

हा इतिहास वाचकांना माहीत आहे, तरी त्यातला एक धागा नीट पाहण्यासारखा आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार ठरावही केला. कागदावर सगळे झाले. प्रत्यक्षात १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरवून बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. पाणी प्यायले गेले, आणि मग गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. मारहाण झाली, जेवणाचे अन्न मातीत मिसळले. पुढे तळ्याची शुद्धी झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या एकशे आठ घागरी मंत्रांच्या घोषात तळ्यात रिकाम्या केल्या गेल्या. पुरोगामी मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे की ही घटना पुराणातली नाही. ती विसाव्या शतकातली, रेल्वे, वर्तमानपत्र, नगरपालिका आणि निवडून आलेले कौन्सिल असलेल्या काळातली आहे. इतर धर्मीयांनी पाणी भरले, गुरेढोरे पाण्यात शिरली तर तळे बाटत नव्हते. रसायनशास्त्राने हे समजणार नाही. ते सनदेनेच समजते.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे थांबवले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाची आठवण आपण दरवर्षी काढतो. दाव्याची आठवण मात्र फारशी निघत नाही, आणि आमच्या मते या लेखाच्या विषयाशी त्याचाच जास्त संबंध आहे. दावा जवळपास दहा वर्षे चालला. फिर्यादींचा मुद्दा असा की तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई ही अनादि काळापासून चालत आलेली रूढी आहे. कथा-पुराणात ‘अनादि’ हा शब्द उच्चारला की विषय संपतो. कोर्टात तो उच्चारला की विषय सुरू होतो, कारण मग सिद्ध करावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, आणि अनादि रूढी फिर्यादींना सिद्ध करता आली नाही. दावा फेटाळला गेला.

हजारो वर्षांची म्हणून मिरवली जाणारी सनद साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि ‘कधीपासून?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकली नाही. तरी या निकालाला एक मर्यादा होती. समजा त्यांनी रूढी सिद्ध केली असती, तर? तर कदाचित पाणी कायद्यानेच नाकारले गेले असते. ही फट १९५० मध्ये बुजली. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, आणि १३ व्या कलमात ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि प्रथाही आल्या. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर रूढी कितीही जुनी असो, ती रद्दबातल. म्हणजे अगोदर ‘अनादि’चा पुरावा मागितला गेला, आणि पुढे पुरावा आणला तरी उपयोग नाही असे ठरले. धर्मनिरपेक्षता म्हणजे काय, हे आम्ही वस्तीतल्या मुलांना शिकवताना याच दोन पायऱ्यांनी शिकवतो.

महाडमध्येच, महामार्गावरून दिसणाऱ्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. सुमारे तीस लेणी, बौद्ध, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिथे एक शिलालेख आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने हे लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दिल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी पाण्याची दोन टाकी दिली, असा त्यात हिशेब आहे. देणारा कोण, काय दिले, किती दिले. महाबळेश्वरच्या मंदिराच्या हजार वर्षे आधीचा हा हिशेब आहे. आणि अशा लेण्यांना महाराष्ट्र काय म्हणतो? पांडवलेणी. नाशिकला तर हे नाव सरकारी पाटीवरही आहे. वाईजवळ लोहारे गावच्या लेण्यांत स्तूपाच्या अवशेषाची पालपेश्वर म्हणून पूजा होते. इथे नाव आणि जागा दोन्ही गेले. पूजा करणाऱ्या गावकऱ्यावर आमचा राग नाही, त्याला कोणी सांगितलेच नाही. पाटी लावणाऱ्या खात्यावर आहे, कारण त्याला माहीत आहे.

इथवर वाचून आमचे काही बांधव खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

मिथकाची सनद फक्त ब्राह्मणांनीच वापरली असे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांकडेही एक होती. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, त्याची कथा गावोगाव सांगितली जाई. कुठे अमृतनाकाने बादशहाच्या बेगमेला सोडवून आणले म्हणून, कुठे दामाजीपंतासाठी विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला म्हणून. कथा अभिमानाची आहे. अमृतनाक शूर आणि इमानी दाखवला आहे, विठू महार तर खुद्द देव. पण हक्क कोणते? मेलेल्या ढोराचे कातडे, खळ्यावरचे बलुते, सणाची भाकरी. आणि त्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. महाबळाच्या कथेपेक्षा हा सौदा फारसा वेगळा नाही, मान कथेत आणि कष्ट गावात. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक कौन्सिलात आणले तेव्हा त्यांच्यासमोर फक्त सरकार नव्हते. वतन हा आपला मान आहे, पूर्वजांनी मिळवलेला हक्क आहे, असे मानणारे आपलेच लोकही होते. त्या लोकांना त्यांनी सांगितले की हे वतन गुलामगिरी आहे. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. पूर्वजांची अभिमानाची कथा सोडणे शत्रूची अपमानाची कथा नाकारण्यापेक्षा अवघड असते. ते आपल्या समाजाने केले, आणि या गोष्टीचे पुरेसे कौतुक कोणी केलेले नाही.

म्हणूनच आज मोबाइलवर फिरणारे मजकूर पाहून वाईट वाटते. महाबळ हा बौद्ध राजा होता, अमका असुर नागवंशी होता, तमके मंदिर मूळचे विहार होते, पुढे पाठवा. पुरावा विचारला तर ‘तुम्ही त्यांच्या बाजूचे का?’ असा उलट प्रश्न. यासाठी जोतीराव फुल्यांचे नाव घेतले जाते. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीराजाची कथा उलटी करून वाचली हे खरे. वामनाला त्यांनी कपटी ठरवले, बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा, खंडोबा-जोतिबाला त्याचे अधिकारी. दिवाळीत ओवाळताना इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो असे बायका म्हणतात, म्हणजे वामनाच्या विजयाची कथा ऐकूनही लोकांनी मनात राज्य बळीचेच ठेवले, ही त्यांची नजर असामान्य होती. त्यांनी कथेच्या आत दडलेला गुन्हा दाखवला. आर्यांच्या स्वारीचा जो इतिहास त्यांनी त्यातून उभा केला, तो त्या काळच्या माहितीवर आधारलेला होता.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांनाच अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात आर्य नावाच्या वंशाने स्वारी करून इथल्यांना जिंकले हा सिद्धान्त पुराव्यानिशी नाकारला. गुरूला वंदन आणि गुरूच्या विधानाची तपासणी, दोन्ही एकाच पुस्तकात. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ मध्ये त्यांनी स्वतःचा तर्क मांडला तेव्हाही सुरुवातीलाच स्पष्ट केले की दुवे तुटलेले आहेत, तिथे आपण अनुमानाने पूल बांधला आहे, वाचकांनी तो तपासावा. मोबाइलवरच्या मजकुरात हा एवढा प्रामाणिकपणा असता तरी आम्ही तो पुढे पाठवला असता.

सगळ्यात मोठी कसोटी त्यांनी आपल्या धम्मालाच लावली. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही कथा जगभरच्या बौद्धांना प्रिय आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती बाजूला ठेवली. त्यांचा प्रश्न सरळ होता, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नसेल का? त्याऐवजी त्यांनी गृहत्यागाचे कारण म्हणून घेतला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य एका काठाला, कोलीय दुसऱ्या काठाला, शेतीच्या पाण्यावरून भांडण, शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवले, सिद्धार्थाने विरोध केला आणि देश सोडायची शिक्षा पत्करली. ज्या माणसाने महाडला पाण्यासाठी जमाव नेला होता, त्याने बुद्धाच्या आयुष्याचे वळण पाण्याच्या वाटपात पाहिले. हा योगायोग असावा असे आम्हाला वाटत नाही.

नदीचे तंटे आजही आहेत, फक्त त्यांची भाषा बदलली आहे. विष्णूची झालेली ती कृष्णा आज अब्ज घनफुटांत मोजतात. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये दिलेल्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. हे योग्यच झाले, निदान आकडा तरी आहे, त्यावर वाद घालता येतो. पण राज्याला मिळालेले पाणी राज्यात कोणाला, हे लवाद सांगत नाही. कालवा ज्याच्या जमिनीजवळून जातो त्याला. ज्याला जमीनच नाही त्याला काही नाही. कोयनेच्या जलाशयाला शिवसागर नाव आहे, पण त्याच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांतल्या अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पन्नास-साठ वर्षे रेंगाळत राहिले. धरण भरले की मंत्रिमहोदय जलपूजनाला जातात, नदीत साडी-खणानारळ सोडतात. नदीला साडी मिळते.

याला एक सणसणीत उत्तर सांगली जिल्ह्यातच दिले गेले आहे. खानापूर तालुक्यात तांदूळवाडी आणि बलवडी या गावांजवळ येरळा नदीवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी स्वतः एक छोटे धरण बांधले. येरळा कृष्णेला मिळते, आणि येते ती खटाव तालुक्यातून, जिथे फुल्यांचे मूळ गाव कटगुण आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. ठेकेदार नदीची वाळू उपसून नेत होते. ती वाळू गावाची आहे, थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, अशी मागणी त्यांनी लढून मान्य करून घेतली. आणि पाणी वाटण्याचे सूत्र ठरवले की ते जमिनीवर नाही, माणसावर मोजायचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ज्याच्याकडे शेत नाही त्याने ते दुसऱ्याच्या शेतात वाट्याने वापरावे. धरणाचे नाव बळीराजा स्मृती धरण.

पुराणकथेचा असा उपयोग होणार असेल तर आमची त्याला हरकत नाही. बळी खरोखर होऊन गेला की नाही, यावर त्या धरणाचे एक लिटर पाणीही अवलंबून नाही. तो होऊन गेला नाही असे उद्या सिद्ध झाले तरी भूमिहीनाचा हक्क जात नाही, कारण तो ठरावात लिहिला आहे, कथेत नाही. आमचे काही साथी म्हणतात की असे नाव देणे म्हणजे मिथकाला मागच्या दाराने आत घेणे. त्यांचा आक्षेप आम्हाला समजतो. पण नावाबरोबर वाटा आला असेल तर त्या नावावर हरकत घेण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. उलट उदाहरण सरकारचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर. चांगला निर्णय, उशिरा का होईना. पण आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे पाटी बदलली तरी पाण्याची लाइन जुन्याच ठिकाणी संपते, हे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.

समाजाला एकत्र बांधायला कथा लागतात, हे समाजशास्त्र सांगते आणि ते खोटे नाही. आपलाही समाज अशाच आठवणींवर उभा आहे. फक्त आपल्या आठवणींना तारखा आहेत, २० मार्च, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. (बुद्धपौर्णिमा आणि विजयादशमी आपण तिथीनेच पाळतो हेही खरे.) बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारायला लावले आहे, त्याचे कारणही हेच. अवतार झाला की माणसाची जन्मतारीख जाते, मग त्याचे गाव जाते, मग त्याचे म्हणणे जाते.

२०२७ च्या मार्चमध्ये महाड सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. त्यानंतर थोड्याच काळाने गुरू कन्या राशीत जाईल आणि कृष्णाकाठी कन्यागत पर्व सुरू होईल. मागच्या वेळी, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी घाट आणि रस्त्यांसाठी शासनाने निधी दिला. त्याच ऑगस्टच्या २ तारखेच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह माणसे गेली. राज्यघटनेच्या २७ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती करता येत नाही. यात्रेकरूंची सोय ही नागरी सोय आहे, असे सरकार म्हणेल, आणि ते आम्ही ऐकूनही घेऊ. मग नागरी सोयीचा हिशेब नागरी पद्धतीने द्या.

महाबळेश्वर ते सांगली, कृष्णेच्या काठच्या ज्या ज्या गावांत घाटासाठी पैसा येईल, त्या गावांच्या ग्रामपंचायतींकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकायचे आम्ही ठरवले आहे. घाटावर किती खर्च झाला. गावातल्या बौद्ध, मातंग आणि इतर दलित वस्तीत किती घरांना नळ आहेत. आणि त्या नळांना आठवड्यातून किती दिवस, किती वेळ पाणी येते. अर्जाचा नमुना तयार आहे. ज्यांना आपल्या गावात तो टाकायचा असेल त्यांनी कळवावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.